फवारणी नोंदवही: एकात एक गुंतलेले ऑब्जेक्ट जेसनमध्ये कसे न्यावेत?

वेलीखाली

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातल्या आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या गटासाठी फवारणी नोंदवहीचं ॲप करतेय. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून सुरू केलं होतं, पण आता गटातले लोक रोजच्या कामात वापरायचं म्हणताहेत, त्यामुळे नुसतं चालून भागणार नाही, नोंद बरोबरच असायला हवी.

रचना अशी आहे: शेतकरी, त्याचे प्लॉट, प्रत्येक प्लॉटचे छाटणी हंगाम (एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी), हंगामातल्या फवारण्या, आणि एकेका फवारणीत दोन-तीन औषधं, प्रत्येकाची मात्रा वेगळी. पायथनमध्ये प्रत्येकाचा स्वतंत्र क्लास आहे. प्लॉटमध्ये हंगामांची यादी, हंगामात फवारण्यांची यादी. उलट दिशेनंही दुवा ठेवलाय: फवारणीला तिचा प्लॉट माहीत असतो, म्हणजे स्क्रीनवर फवारणी दाखवताना प्लॉटचं नाव लगेच मिळतं.

हे सगळं जेसन (माहिती साध्या मजकुरात लिहायची, वेगवेगळ्या भाषांना वाचता येणारी पद्धत) करून सर्व्हर आणि फोन यांच्यात न्यायचं-आणायचं आहे. शेतकरी ऑब्जेक्ट थेट डम्प्सला (पायथनचं जेसन लिहिणारं फंक्शन) दिला की 'नॉट जेसन सिरियलायझेबल', म्हणजे याचं जेसन होत नाही, म्हणून टाइपएरर येतो. नेटवर सगळीकडे एक ओळ सुचवतात: डीफॉल्ट या पॅरामीटरला असं फंक्शन द्या जे ऑब्जेक्टची आतली डिक्ट (फील्डची नावं आणि त्यांतली माहिती यांच्या जोड्या) परत देतं. ती वापरली तर 'सर्क्युलर रेफरन्स डिटेक्टेड', म्हणजे दुवे वर्तुळात फिरताहेत. उलटा दुवा काढून बघितला तर तारखेवर अडतं. तारखेची स्ट्रिंग (साधा मजकूर) केली तर मात्रेच्या डेसिमलवर (अचूक दशांश संख्येचा प्रकार). एक भोक बुजवलं की दुसरं दिसतं.

प्रश्न असा की इतक्या पातळ्या असलेलं ऑब्जेक्ट जेसनमध्ये नेण्याची नीट पद्धत कोणती?

अंबडपाळी

पद्धतीआधी एक विचारतो. हे जेसन वाचणार कोण? फक्त तुमचाच फोन की आणखी कुणी? आणि कागदावर ते कसं दिसावं असं तुम्हाला वाटतं, तो नमुना हाताने लिहून इथे टाका. क्लास सध्या बाजूला ठेवा.

वेलीखाली

वाचणारे तिघं आहेत. एक फोनवरचं ॲप, ते माझा वर्गमित्र जावास्क्रिप्टमध्ये करतोय. दुसरा सर्व्हर. तिसरा पॅकहाऊसला द्यायचा फवारणी तक्ता. तो याच जेसनवरून छापायचा आहे. गटातले काही प्लॉट युरोपला माल देतात, त्यांची नोंदणी अपेडाच्या (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट या प्रणालीवर असते आणि काढणीआधी रेसिड्यू, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाची, तपासणी होते. तेव्हा कोणतं औषध कोणत्या दिवशी मारलं याचा तक्ता मागतात.

एका प्लॉटचा हाताने लिहिलेला नमुना (डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग):

```
{
  "क्रमांक": "प-3",
  "वाण": "थॉमसन सीडलेस",
  "क्षेत्र_आर": 40,
  "हंगाम": [
    {
      "प्रकार": "गोडी",
      "छाटणी": "2025-10-08",
      "फवारण्या": [
        {
          "तारीख": "2025-10-24",
          "कारण": "डाऊनी",
          "पाणी_लिटर": 300,
          "औषधे": [
            {"नाव": "मॅन्कोझेब", "मात्रा": "2.0", "एकक": "ग्रॅम प्रति लिटर"}
          ]
        }
      ]
    }
  ]
}
```

गंगापूररोड

तुमचं निम्मं उत्तर या नमुन्यातच आहे. यात उलटा दुवा कुठेही नाही. लिहिताना तुम्हाला त्याची गरजच वाटली नाही, कारण फवारणी कोणत्या प्लॉटची हे ती कुठे बसलीय त्यावरूनच कळतं.

आता यंत्र काय करतं ते सांगतो, म्हणजे एरर एकामागून एक का येतात ते कळेल. जेसनकडे प्रकार मोजकेच: स्ट्रिंग, संख्या, खरं-खोटं, नल, यादी, आणि नाव-किंमत जोड्यांचा ऑब्जेक्ट (किंमत म्हणजे त्या नावाखाली साठवलेली माहिती). डग्लस क्रॉकफर्डने जावास्क्रिप्टमधून हा एवढाच भाग वेगळा काढला. २००६ साली त्याचं वर्णन करणारं आरएफसी ४६२७ आलं, २०१३ मध्ये एक्मा-४०४, २०१७ मध्ये आरएफसी ८२५९, पण प्रकारांची यादी वाढली नाही. तारीख नाही, डेसिमल नाही, सेट नाही, क्लास तर नाहीच. म्हणून कोणत्याही भाषेतलं ऑब्जेक्ट जेसनमध्ये नेताना कुणीतरी ठरवावंच लागतं की याचं या मोजक्या प्रकारांत काय करायचं.

पायथनचा एन्कोडर ओळखीचं काही दिसलं की स्वतः लिहितो. अनोळखी दिसलं की डीफॉल्ट फंक्शनला बोलावतो, आणि त्यानं जे परत दिलं त्यात पुन्हा पहिल्यापासून उतरतो. त्यामुळे कितीही पातळ्या असल्या तरी तुम्हाला वेगळा लूप लिहावा लागत नाही. ती एक ओळ चालते ती यामुळेच. पण ती ऑब्जेक्टमधलं सगळं सरसकट बाहेर काढते: उलटा दुवा, स्क्रीनसाठी आत ठेवलेल्या तात्पुरत्या गोष्टी, उद्या शेतकऱ्याचा पासवर्ड-हॅश त्या क्लासमध्ये आला तर तोही. आणि तारखेच्या ऑब्जेक्टला अशी आतली डिक्ट नसतेच, म्हणून तिथे ती ओळ कोसळते.

डेटाक्लास (फील्डं सांगितली की बाकीचं आयतं मिळणारे क्लास, पायथन ३.७ पासून आहेत) वापरले तर ॲजडिक्ट नावाचं फंक्शन आयतं मिळतं. तेही याद्या, डिक्ट आणि आतले डेटाक्लास यांत खोल उतरतं. मात्र तारीख आणि डेसिमल आहेत तसेच ठेवतं, आणि उलटा दुवा असेल तर गोल गोल फिरून रिकर्शनएरर देतं.

मी स्वतः काय करतो? प्रत्येक क्लासला 'जेसनसाठी' अशी एक मेथड हाताने लिहितो. ती त्या क्लासची बाहेर जाण्यालायक फील्डं डिक्टमध्ये भरते आणि मुलांसाठी त्यांची तीच मेथड बोलावते. प्लॉट हंगामाला विचारतो, हंगाम फवारणीला, फवारणी औषधाला. लिहायला कंटाळवाणं आहे, पण पाच क्लास म्हणजे पाच छोट्या मेथड, आणि तुमच्या तक्त्यात काय जातं हे कोड उघडल्यावर डोळ्यांना दिसतं. ज्या नोंदीवर एखाद्याचा कंटेनर अडू शकतो ती नोंद सरसकट बाहेर काढणाऱ्या एका ओळीवर सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

रात्रीचाकोड

एवढं कशाला, पिकल (ऑब्जेक्ट साठवायची पायथनची स्वतःची पद्धत) वापरा. वर्तुळाकार दुवे, तारखा, डेसिमल सगळं जसंच्या तसं साठवतं.

अंबडपाळी

पिकल फक्त पायथन वाचू शकतं, यांचा फोन जावास्क्रिप्टचा आहे. आणि बाहेरून आलेलं पिकल उघडणं धोक्याचं असतं. उघडतानाच आतला कोड चालू शकतो, पायथनच्या कागदपत्रांत तसा इशाराच दिलेला आहे. फोनवरून सर्व्हरवर येणाऱ्या मालासाठी ते नकोच.

उलट्या दुव्याबद्दल: आमच्याकडे सी-शार्प आहे. तिथे वर्तुळ आलं तर सिस्टम.टेक्स्ट.जेसन हे तिथलं जेसनचं साधन थेट एक्सेप्शन (एरर) टाकतं. वर्तुळ वगळा असं सांगता येतं, किंवा प्रत्येक ऑब्जेक्टला ओळख देऊन पुढच्या ठिकाणी ती ओळख लिहा असंही सांगता येतं. हा दुसरा पर्याय ऐकायला छान, पण समोरच्या भाषेलाही तीच बोली यावी लागते. म्हणून आम्ही नियम केला: खाली उतरताना वस्तू ठेवायची, वर जाताना फक्त क्रमांक ठेवायचा. एखादी फवारणी कधी एकटीच पाठवायची झाली तर तिच्यात "प्लॉट_क्रमांक": "प-3" एवढंच. अख्खा प्लॉट नाही.

सातपूरजावा

जावामध्ये जॅक्सन या जेसन लायब्ररीवरही हेच. दोन एन्टिटी (डेटाबेसमधल्या नोंदींची ऑब्जेक्ट) एकमेकींकडे बोट दाखवत असतील तर स्टॅक भरेपर्यंत फिरत राहतं. मॅनेज्ड-रेफरन्स आणि बॅक-रेफरन्स अशी दोन ॲनोटेशन (कोडवर लावायच्या खुणा) आहेत, पालकाच्या बाजूला पहिलं, मुलाच्या बाजूला दुसरं. पण एन्टिटी थेट बाहेर पाठवण्यापेक्षा बाहेर पाठवायचा वेगळा छोटा क्लास केलेला बरा, हे मत गंगापूररोड यांच्यासारखंच.

पहाटफवारा

मी दिंडोरीकडचा, बाग माझी स्वतःची आणि पोटापाण्याला कोडही लिहितो. ताई, तुमच्या नमुन्यात एक जागा आहे तिथे एरर येणार नाही, सगळं चालल्यासारखं दिसेल आणि नोंद चुकीची होईल. ती म्हणजे तारीख.

फोनवर जावास्क्रिप्टचं डेट ऑब्जेक्ट असेल आणि वर्गमित्र ते तसंच स्ट्रिंगिफाय (जावास्क्रिप्टचं जेसन लिहिणारं फंक्शन) करत असतील, तर ते आपोआप युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहिलं जातं. आपली वेळ युटीसीच्या साडेपाच तास पुढे. तारीख निवडायच्या खिडकीतून '२४ ऑक्टोबर' निवडलं की बहुतेक वेळा आतमध्ये २४ तारखेच्या मध्यरात्रीची, रात्री बाराची वेळ बसते. जेसनमध्ये जाताना तिचं २३ ऑक्टोबर १८:३० होतं. सर्व्हरवर कुणी त्या स्ट्रिंगची पहिली दहा अक्षरं कापून तारीख म्हणून ठेवली की फवारणी एक दिवस आधीची झाली.

'आत्ता फवारणी केली' असं बटण ठेवलं तरी सुटका नाही. आपल्याकडे बरेच जण वारा पडलेला असताना, पहाटे फवारणी उरकतात. सकाळी साडेपाचच्या आधीची प्रत्येक नोंद युटीसीत आदल्या दिवसाची असते. म्हणजे दुपारी नोंद करणाऱ्याची तारीख बरोबर आणि पहाटे करणाऱ्याची चूक. असा घोळ चाचणीत सापडत नाही, कारण चाचणी आपण दिवसा करतो.

याचा परिणाम कुठे होतो ते गटातल्यांना सांगावं लागणार नाही. पीएचआय, म्हणजे शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत सोडायचे दिवस, मोजायचे कुठून? नोंद एक दिवस मागे गेली तर तक्ता म्हणतो दिवस पूर्ण झाले आणि बागेत एक दिवस बाकी असतो. जास्त अंश सापडला तर त्या प्लॉटचा माल निर्यातीतून बाहेर.

गंगापूररोड

हा मुद्दा माझ्या प्रतिसादात यायला हवा इतका महत्त्वाचा आहे, पहाटफवारा यांनी फार नेमका मांडला. त्याला जोडून: 'दिवस' आणि 'क्षण' या दोन वेगळ्या गोष्टी समजा. फवारणीची तारीख, छाटणीची तारीख हे दिवस आहेत. त्यांना तास नसतात, टाइमझोन नसतो. ते वर्ष-महिना-दिवस अशा साध्या स्ट्रिंगमध्येच राहू द्या. फोनवरही डेट ऑब्जेक्ट करू नका. पायथनच्या बाजूला डेट प्रकार वापरा, डेटटाइम नको, आणि आयएसओ-फॉरमॅट मेथडने स्ट्रिंग करा. 'ही नोंद सर्व्हरवर केव्हा पोचली' हा मात्र क्षण आहे. तो युटीसीत लिहा किंवा +०५:३० लावून लिहा, पण झोन न सांगता मोकळा सोडू नका.

तिसरामजला

आकड्यांबद्दल थोडं. मात्रा तुम्ही अवतरणात, स्ट्रिंग म्हणून लिहिलीय, ते बरोबर आहे. डेसिमलचा फ्लोट (संगणकाची जवळपासची दशांश संख्या) करून पाठवला तर ०.१ अधिक ०.२ सारखी शेपटं लागलेली बेरीज तक्त्यात येते. डेसिमलची स्ट्रिंग करायची आणि वाचताना त्या स्ट्रिंगवरून पुन्हा डेसिमल. पाण्याचे लिटर पूर्णांक आहेत, ते संख्या म्हणून राहू द्या.

क्षेत्र जपून. सातबाऱ्यावर ते हेक्टर-आर-चौरस मीटर असं लिहिलेलं असतं, ०.४०.५० सारखं. दोन टिंबं असलेली ती संख्या नव्हे. कुणी फॉर्ममध्ये तसंच टाइप केलं तर फ्लोटवर कोसळेल, किंवा कुणीतरी दुसरं टिंब काढून 'दुरुस्त' करेल. तीन वेगळ्या खान्यांत घ्या किंवा तुमच्यासारखं आरमध्ये ठेवा. जमिनीचा गट क्रमांकसुद्धा स्ट्रिंगच. ११२/२अ ला संख्या करता येत नाही.

मराठी आकड्यांचं एक लक्षात ठेवा. जेसनमधल्या संख्येला फक्त इंग्रजी आकडे चालतात. ४० असं देवनागरीत, अवतरणाशिवाय लिहिलं तर ते जेसनच राहत नाही. आणि शेतकऱ्याचा कीबोर्ड मराठीवर असेल तर मात्रेच्या खान्यात देवनागरी आकडे येणारच. पायथनचं इंट फंक्शन '४०' बिनबोभाट वाचतं, जावास्क्रिप्टचं नंबर त्याचं नॅन ('ही संख्या नाही') करतं. आणि नॅन स्ट्रिंगिफायमधून बाहेर पडतं ते नल होऊन. म्हणजे शेतकऱ्यानं मात्रा लिहिली आणि पोचला रिकामा खाना. आकडे फोनवर, टाइप होतानाच बदलून घ्या.

डिक्टच्या नावांमध्ये पूर्णांक वापरत असाल (ओळ क्रमांकानुसार काही ठेवलं असेल) तर तेही बघा. जेसनमध्ये नाव नेहमी स्ट्रिंगच असतं. तुम्ही पूर्णांक ३ पाठवता, परत येते स्ट्रिंग '३', आणि डिक्टमध्ये शोधल्यावर काहीच सापडत नाही.

वेलीखाली

सगळ्यांचे मनापासून आभार. तारखेचं लगेच तपासलं. पहाटफवारा काका म्हणतात तसंच होतंय, वर्गमित्राच्या बाजूनं युटीसी येतंय. चाचणी म्हणून गटातल्या काहींनी नोंदी टाकल्याही आहेत, त्यांचं काय करायचं ते नंतर विचारते.

आणखी दोन गोष्टी. जेसन फाइलमध्ये मराठीच्या जागी बॅकस्लॅश, यू आणि कोड असं काहीतरी दिसतं, वाचताच येत नाही. आणि "फवारणाऱ्याचे_नाव" हे फील्ड फोनवरून येतं, मला डोळ्यांना तंतोतंत तेच दिसतं, पण सर्व्हर म्हणतो असं फील्डच नाही.

बोरूटाक

पहिलं सोपं. डम्प्स स्वभावतः सगळं आस्कीत (फक्त इंग्रजी अक्षरं-आकड्यांच्या संचात) बसवतं. एन्शुअर-आस्की हा पर्याय फॉल्स करा, मराठी मराठीत दिसेल. तशी कोडवाली फाइलही चुकीची नव्हती, परत वाचली की अक्षरं नीट येतात. फक्त माणसाला वाचता येत नाही आणि आकार वाढतो. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, विंडोजवर हे न लिहिल्यास बऱ्याचदा वेगळंच एन्कोडिंग धरलं जातं. दोन यंत्रणांमधल्या जेसनसाठी आरएफसी ८२५९ यूटीएफ-८ च मागतं.

दुसरं फार खास मराठी दुखणं आहे आणि मला त्यात रस आहे, म्हणून सविस्तर. 'ऱ्या' हे दोन प्रकारे टाइप होतं. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर, मग हलन्त, मग य असं देतात. काही कीबोर्ड साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे, आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, आत वेगळे कोडपॉइंट (अक्षरांचे युनिकोड क्रमांक). संगणकाला ती दोन वेगळी नावं. 'ॲ' चंही तेच: एका कोडपॉइंटचं अक्षर, किंवा अ अधिक जोडक अधिक चंद्र.

युनिकोड नॉर्मलायझेशन (समान अक्षरं एका रूपात आणणं) करून बघाल, एनएफसी वगैरे. र आणि नुक्ता मिळून टाइप झालेला ऱ त्यानं जुळेल, पण झेडडब्ल्यूजेवाला प्रकार जुळणार नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीनं ते समान नाहीतच. म्हणून फील्डची नावं अशी निवडा ज्यांत ही अक्षरं येत नाहीत, आणि ती दोन्ही बाजूंनी टाइप न करता एकाच स्थिरांकांच्या फाइलमधून घ्या. "फवारणारा" ठेवलंत तर प्रश्नच मिटतो. किमतींमध्ये मात्र ही अक्षरं राहणारच, शेतकऱ्यानं औषधाचं नाव कसंही टाइप करू दे. तिथे शोध घेताना दोन्ही रूपं एका रूपात आणून मगच तुलना करा.

मुंबईनाका

यावर मी म्हणेन फील्डची नावं रोमनमध्येच ठेवा. सगळ्या लायब्ररी, सगळी साधनं त्यासाठीच घडलीत.

बोरूटाक

लायब्ररींना देवनागरी नावं चालतात, जेसनमध्ये नाव म्हणजे कुठलीही युनिकोड स्ट्रिंग. तक्ता गटातले लोक तपासणार आहेत. त्यांना फाइल उघडून "छाटणी" आणि "मात्रा" वाचता आलं तर चूक त्यांनाच आधी सापडेल, हा फायदा मला मोठा वाटतो. फक्त अक्षरांची वर सांगितलेली काळजी घ्या.

पानगळ

मी तो फोनवाला वर्गमित्र. तारखा स्ट्रिंग करतोय. एक विचारायचं होतं: मी औषधं मॅपमध्ये ठेवली होती, नावावरून पटकन मिळावीत म्हणून. स्ट्रिंगिफाय केल्यावर "औषधे" च्या जागी रिकामा महिरपी कंस जातोय, आणि एरर काहीच नाही.

गंगापूररोड

जावास्क्रिप्टमध्ये मॅप आणि सेट दोन्हींचं असंच होतं, बिनआवाज रिकामं. मॅपच्या किमतींची यादी करून द्या; ऑब्जेक्टला टूजेसन नावाची मेथड असेल तर स्ट्रिंगिफाय आधी तिला विचारतं, तिथेच हे करता येईल. अनडिफाइंड असलेली फील्डंसुद्धा गुपचूप गळतात. याउलट बिगइंटवर (फार मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) एरर येतो. मला एरर येणारा प्रकार केव्हाही चालेल. गपचूप रिकामं जाणं शोधून काढायला लागतं.

आता औषधांबद्दल एक सूचना. एकच मॅन्कोझेब हंगामात अनेक फवारण्यांत येणार. प्रत्येक ठिकाणी त्याचं नाव, कंपनी, पीएचआय पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा फाइलच्या वरच्या पातळीवर औषधांची एक यादी ठेवा आणि फवारणीत फक्त औषधाचा क्रमांक. फाइल लहान होते, नेटवर्क अशक्त असलेल्या गावात त्याचा फरक पडतो, आणि नाव दुरुस्त करायचं तर एकाच जागी.

पहाटफवारा

इथे मात्र माझा ठाम विरोध. 'एकाच जागी दुरुस्त' हीच नोंदवहीत अडचण आहे. औषधाचा पीएचआय किंवा शिफारस पुढे बदलली आणि कुणी ती यादी अद्ययावत केली, तर गेल्या ऑक्टोबरची फवारणीही नव्या आकड्यानं दिसायला लागेल. तपासणीला आलेल्या माणसाला त्या दिवशी डब्यावर काय लिहिलं होतं ते हवं असतं: बॅच क्रमांक, मात्रा, त्या वेळचा पीएचआय. झालेल्या फवारणीची नोंद नंतर आपोआप बदलता कामा नये.

गंगापूररोड

पटलं. झालेल्या घटनेत प्रत ठेवायची, चालू गोष्टीकडे क्रमांकानं बोट दाखवायचं. मग असं करा: फवारणीत त्या दिवशीची पूर्ण माहिती कोरून ठेवा, सोबत औषधाचा क्रमांकही असू द्या, म्हणजे 'हे औषध हंगामात किती वेळा मारलं' हे मोजता येईल. आकाराची काळजी नको, पाठवताना जीझिप लावलं की पुनरावृत्ती असलेला मजकूर चांगलाच दाबला जातो.

तिसरामजला

परत वाचण्याबद्दल कुणी बोललं नाही. जेसनमधून मिळते ती डिक्ट, तुमचे क्लास नव्हेत. प्रत्येक क्लासला 'जेसनवरून' अशी जोडीदार क्लास-मेथड लागेल: प्लॉट आपली फील्डं घेतो, हंगामांच्या डिक्ट हंगामाकडे सोपवतो. आणि उलटा दुवा जोडायची जागा हीच. प्लॉट बांधून झाला की तो आपल्या हंगामांना आणि फवारण्यांना 'मी तुमचा प्लॉट' असं सांगतो. म्हणजे स्क्रीनसाठी दुवा मिळतो आणि जेसनमध्ये तो कधीच जात नाही.

औषधाचे बुरशीनाशक, कीटकनाशक, संजीवक असे वेगळे क्लास असतील (जीए या संजीवकाची मात्रा पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षात किती भाग अशी, बाकींची ग्रॅम किंवा मिलीमध्ये, त्यामुळे असावेत असा माझा अंदाज) तर "प्रकार" हे फील्ड लिहायलाच हवं, नाहीतर वाचताना कोणता क्लास बांधायचा हे कळणार नाही. वरच्या पातळीवर "आवृत्ती": 1 हेही आत्ताच घाला. पुढच्या हंगामात रचना बदलली की जुन्या फाइली ओळखता येतील.

डेटाक्लास असतील तर तुलना आयती मिळते, म्हणून एक चाचणी लिहा: ऑब्जेक्ट, त्याचं जेसन, त्यावरून पुन्हा ऑब्जेक्ट, दोन्ही समान हवेत. उलटा दुवा त्या तुलनेतून वगळा, फील्डला तसा पर्याय देता येतो, नाहीतर तुलनाही गोल फिरेल. चाचणीत एकही फवारणी नसलेला प्लॉट, देवनागरी आकड्यांची मात्रा आणि पहाटे चारची नोंद हे तिन्ही असू द्या.

सातपूरजावा

हाताने लिहायचा कंटाळा आला तर पायथनची पायडँटिक ही लायब्ररी बघा. मॉडेल लिहिलं की खोलवरचं जेसन करणं, परत वाचणं आणि वाचताना प्रकार तपासणं तिन्ही होतं. तारीख आयएसओ स्ट्रिंग होते, डेसिमलची स्ट्रिंग होते. बाहेरून येणाऱ्या मालासाठी ती तपासणी उपयोगी आहे. पण उलट्या दुव्याचा आणि प्रतीचा निर्णय तेही तुमच्यासाठी घेणार नाही.

वेलीखाली

हाताने लिहिलेल्या मेथड ठेवल्या. फवारणी आता अशी बाहेर जाते:

```
{
  "क्रमांक": "फ-11",
  "तारीख": "2025-10-24",
  "फवारणारा": "स्वतः",
  "कारण": "डाऊनी",
  "पाणी_लिटर": 300,
  "औषधे": [
    {
      "औषध_क्रमांक": "औ-2",
      "प्रकार": "बुरशीनाशक",
      "नाव": "मॅन्कोझेब",
      "मात्रा": "2.0",
      "एकक": "ग्रॅम प्रति लिटर",
      "बॅच": "डब्यावरील"
    }
  ]
}
```

बॅच आणि पीएचआय शेतकरी डब्यावरून भरतील, पीएचआयचं फील्ड उद्या जोडतेय. परत वाचण्याची चाचणी चालते. राहिला प्रश्न आधीच्या नोंदींचा, ज्यांत तारखा युटीसीतून आल्यात.

गंगापूररोड

त्यांचे दोन गट करा. जिथे पूर्ण वेळेसकट युटीसी स्ट्रिंग साठवलीय, तिथे साडेपाच तास मिळवून मग तारीख काढा. भारतभर एकच वेळ आहे आणि घड्याळ मागेपुढे करण्याची पद्धत नाही, त्यामुळे हे रूपांतर बिनधोक आहे. जिथे सर्व्हरनं पहिली दहा अक्षरं कापून ठेवली, तिथे वेळ गेलेली आहे. त्या नोंदी सरसकट एक दिवस पुढे ढकलू नका, कारण दिवसा बटण दाबून केलेल्या नोंदी बरोबर आहेत. तारीख कापलेल्या या सगळ्या नोंदींवर "तपासायचे" अशी खूण घाला आणि तोवर तक्त्यात छापू नका.

पहाटफवारा

आणि त्या खूण केलेल्या नोंदी शेतकऱ्यांच्या कागदी वहीशी ताडून घ्या, गटात बहुतेकांकडे वही असते. ज्यांनी वही ठेवली नाही त्यांच्याकडे औषध दुकानाचं बिल असेल, त्यावरून निदान कधीच्या आधी फवारणी झालेली नाही एवढं तरी कळतं. सुरुवात लवकर छाटलेल्या प्लॉटपासून करा, त्यांची काढणी आधी येणार.

वेलीखाली

लवकर छाटलेल्या प्लॉटची यादी काढली. रविवारी गटाची बैठक आहे, सगळ्यांना वह्या आणि बिलं घेऊन यायला सांगितलंय.